फुटामागं एक सूत

ज्ञानू मिस्त्रींचं माप आयुष्यात कधी चुकलं नाही. हे मी पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण हे एवढं एक वाक्य तोंडातनं बाहेर काढायला मला पाच वर्षं लागली. तेव्हा मध्येच कुणी 'जाऊ दे की, होतंय असं' म्हणून माझी समजूत काढायला येऊ नका. मला राग येतो.

माझं नाव कृष्णात. शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फौंड्री आहे. पंपांची बॉडी आणि तसलीच बारीकसारीक कास्टिंगं ओततो. आता माणसं मला शेठ म्हणतात. पण नव्वद साली मी अठरा वर्षांचा, दहावीला दोनदा गचकलेला, कुणाच्या कामाचा नसलेला गडी होतो. बापानं सायकलच्या कॅरिअरवर बसवून मला ज्ञानू मिस्त्रींच्या पॅटर्न शॉपमध्ये नेऊन सोडलं. "हाणा, मारा, पर शिकवा," एवढंच म्हणाला आणि गेला. मिस्त्रींनी मला वरपासनं खालपर्यंत बघितलं.

"जेवून आलास व्हय?"

मी नाही म्हणालो.

"मग आदी जेव. उपाशी हातानं रंधा धरायचा न्हाई."

शॉपला लागूनच त्यांचं घर होतं, पत्र्याचं, पुढं अंगण आणि अंगणात चूल. मिस्त्रींची बायको तानाबाई, तिला आम्ही मावशी म्हणायचो. तिनं जोंधळ्याची भाकरी दुमडली, आत खर्डा घातला आणि माझ्या हातात दिली. त्या दिवसापासनं सात वर्षं मी दुपारचं तिथंच जेवलो. मी नको म्हणालो तर मावशी हात पुढं करून तशीच उभी राहायची. मी भाकरी घेतल्याशिवाय तिचा हात खाली जायचा नाही.

मिस्त्री मूळचे आजऱ्याकडचे. जातिवंत सुतार. बाप नांगर आणि पाळणे करायचा, हे कोल्हापुरात येऊन पॅटर्न करायला लागले. आता पॅटर्न म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जी वस्तू बिडात, म्हणजे कास्ट आयर्नमध्ये, ओतायची, तिचा आधी लाकडाचा नमुना करतात. तो मातीत दाबून ठसा उठवायचा आणि त्या ठशात वितळलेलं बीड ओतायचं. पण बीड थंड होताना आटतं, फुटामागं एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून लाकडाचा नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी कोण बेरीज करत बसणार? त्यासाठी आमच्या धंद्यात वाढीव पट्टीच मिळते. दिसायला दोन फुटी, खरी दोन फूट दोन सूत. आकडे तेच, फक्त घरं जरा पसरलेली. साधी पट्टी शेजारी लावल्याशिवाय डोळ्याला फरक कळत नाही. एका टोकाला बारीक अक्षरं कोरलेली असतात, तेवढीच तिची ओळख.

मिस्त्रींचे नियम दोनच होते. एक, माप आपणच घ्यायचं आणि आपणच कापायचं, दुसऱ्याच्या मापावर लाकडाला करवत लावायची नाही. दुसरा, माप कागदावर लिहायचं नाही. "माप डोक्यात, कागद चुलीत," असं म्हणायचे. चार-चार पॅटर्नची मापं एका वेळी त्यांच्या डोक्यात असायची. मोठ्या कारखान्यातले इंजिनिअर कॅलिपर घेऊन यायचे, तपासायचे आणि गुमान चहा पिऊन जायचे. सगळ्या शिरोलीत एक म्हण झाली होती. कुणी पैज मारली की म्हणायचं, "ज्ञानू मिस्त्रीचं माप हाय काय हे, एवढं छातीला हात लावून सांगाय?"

सत्त्याण्णव साली मी स्वतःचं काम सुरू केलं. निघालो त्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा झाली आणि मिस्त्रींनी त्यांची दोन फुटी पोलादी पट्टी उचलून माझ्या हातात दिली, हळदीकुंकवासकट. "माझ्या मिस्त्रीनं मला दिलती. आता तुझी." मी पाया पडलो. घरी येऊन पट्टी देवाऱ्यात ठेवली. पुढं मी फौंड्री टाकली, ॲल्युमिनियमचे पॅटर्न आले, माझा रंधा सुटला. पट्टी मात्र देवाऱ्यातच राहिली. दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू चढायचं. वर्षानुवर्षं थर बसत गेला.

लाकडी पॅटर्न बंद करणाऱ्यांत मीही होतो, हे पण सांगून ठेवतो. मिस्त्रींचं शॉप हळूहळू ओस पडलं. पण त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. उलट एक दिवस स्वतः चालत फौंड्रीत आले आणि म्हणाले, "माझ्या शेजारचा प्लॉट निघालाय बघ. घे. शेजारी तू असलास तर मला बरं." मी घेतला, बंगला बांधला, मधे लोखंडी गजांचं कुंपण घातलं. दोन हजार चार साल ते.

तोवर मावशीचं डोकं गेलं होतं. वेड नव्हे, विसर. आधी दूध उतू जायला लागलं, मग वाट चुकायला लागली, मग एक दिवस पोटच्या लेकीला, अंबूबाईला, "तुम्ही कुणाच्या, पावणं?" म्हणाली. सगळं गेलं, पण दोन गोष्टी राहिल्या. हात भाकरी थापायचे विसरले नाहीत. आणि दुपार झाली की किसन्याला, म्हणजे मला, भाकरी द्यायची, हेही राहिलं. माझा बंगला झाल्यापासनं ती रोज दुपारी कुंपणाशी यायची, गजातनं हात आत घालायची आणि हाक मारायची, "ए किसन्या! जेवलास व्हय रं?" केस सुटलेले, लुगडं कसंही गुंडाळलेलं, हातात दुमडलेली भाकरी. पहिले काही दिवस मी घेतली. मग फरशी बसवणारी माणसं हसायला लागली. मग मी मागच्या दारानं निघायला लागलो.

मे महिन्यात वास्तुशांत ठरली. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचे साहेब जेवायला येणार होते. त्यांचं काम मिळालं की फौंड्रीत दुसरी भट्टी बसणार होती. मला झोप येईना. साहेब अंगणात उभे आहेत आणि गजातनं हात येतोय, 'ए किसन्या', हेच डोळ्यापुढं यायचं. माझी बायको संयोगिता म्हणाली, "अहो, त्यांना पण बोलवू की. मी आत बसवते मावशींना, माझ्याजवळ."

"तू गप बस," मी म्हणालो. "तुला काय कळतंय त्यातलं!"

आणि मी कुंपणाशी जाऊन मिस्त्रींना हाक मारली. दुसऱ्या सुताराला सांगता आलं असतं. पण शेजारी मिस्त्री असताना दुसरा सुतार आणला तर चार लोक नावं ठेवतील, याची मला लाज वाटली. त्यांच्याच बायकोला झाकायचं काम त्यांनाच सांगताना मात्र वाटली नाही. बघा आता, कशाची लाज वाटते माणसाला.

"मिस्त्री, हायवेची धूळ लई येते. गजांच्या आतल्या अंगानं रिपांचा आडोसा करायचाय. उभ्या सागवानी रिपा, मधे एक बोट जागा. बंगल्याला शोभंल असा."

मिस्त्रींनी गजावरनं बोट फिरवलं आणि ते बोट बघितलं.

"हायवे त्या अंगाला हाय, किसन्या."

मी खाली बघितलं.

"किती उंच पायजे? तानीचं त्वांड दिसू ने एवढा न्हवं? पाच फूट बास हाय. ती आता वाकल्या." मग जरा थांबून म्हणाले, "करतो की. साग हाय माझ्याकडं, पॅटर्नचा ऱ्हायलेला. उद्या माप घेतो."

"माप मी घेतो, तुम्ही कशाला उन्हात," मी घाईनं म्हणालो. खरं सांगतो, उन्हाचं काही नव्हतं. आपल्या बायकोला झाकायला तो माणूस कुंपणाला टेप लावतोय, हे मला उभं राहून बघवलं नसतं. दुसऱ्याच्या मापावर मिस्त्रींनी कधी करवत लावली नव्हती.

"बरं," शेवटी म्हणाले. "तू घेतल्यालं म्हंजे मीच घेतल्यालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी माप घ्यायला गेलो तर घरात टेप सापडेना. गवंडी घेऊन गेला होता. मी देवाऱ्यातली पट्टी उचलली. ती कुठली पट्टी, हे मला आठवलंच नाही. सात वर्षं मी त्या पट्टीला नुसता नमस्कार करत होतो, वापरलं कुणी होतं? कुंपणाच्या खालच्या पाइपावर पेन्सिलीच्या खुणा करत सोळा वेळा पट्टी लावली. बरोबर सोळा. गजातनं ओरडून सांगितलं, "मिस्त्री, बत्तीस फूट! बरोबर बत्तीस."

"बत्तीस," ते म्हणाले आणि कपाळाला बोट लावलं.

वास्तुशांतीच्या दिवशी साडेदहाला मिस्त्रींनी चार चौकटी आणल्या, आठ-आठ फुटी. मी आजवर तसलं काम बघितलेलं नाही. रिपांच्या कडा गोल मारलेल्या, तेल दिलेलं, एकही खिळा दिसत नव्हता. पाहुणे बघायला गोळा झाले. मिस्त्रींनी फाटकाकडनं चौकटी बसवायला घेतल्या. एक, दोन, तीन. चौथी बसवली, आणि टोकाला फट राहिली. चार इंच. नेमकी मावशीच्या चुलीसमोर, जिथं ती रोज उभी राहायची तिथं.

मिस्त्रींनी खिशातनं टेप काढली. चौकटी मोजल्या, बत्तीस. कुंपण मोजलं, बत्तीस फूट चार इंच. ते माझ्याकडं बघायला लागले. माझा मेव्हणा मागनं हसला, "काय मिस्त्री, कापड आखूड आलं काय?" आणखी चौघं हसली. आत होमाचा धूर, दारात साहेबांची गाडी कधीही येणार, आणि माझ्या अंगणात चार इंचाचं भगदाड. मी सांगितलेलं बत्तीसच होतं. हे मला लख्ख आठवत होतं. सोळा वेळा मोजून बत्तीस कसं आलं, ते कळत नव्हतं, पण तोंडानं सांगितलं होतं बत्तीस.

आणि मी ओरडलो, "मिस्त्री, बत्तीस फूट चार इंच सांगितलंतं मी! चार इंच खाल्लं व्हय तुम्ही?"

मिस्त्रींचा टेपवरचा अंगठा सुटला आणि टेप सर्रकन आत गेली.

"बत्तीस चार म्हनलास?"

"व्हय! तुम्ही विसरलाय. डोक्यात ठेवता न्हवं? लिहून घेतलं असतं तर ही वेळ आली नसती!"

सगळ्यांसमोर. ज्या माणसाच्या मापावर शिरोली पैजा मारायची, त्याला. संयोगिता दारात उभी होती. त्या सकाळी मी बत्तीस म्हणून ओरडलो, ते तिनं ऐकलं होतं. ती आत निघून गेली. मिस्त्रींनी एकदा फटीतनं पलीकडं, चुलीपाशी बसलेल्या मावशीकडं बघितलं. मग म्हणाले, "शेडमंदी रिपेचा तुकडा हाय. घिऊन येतो."

ते तुकडा आणायला गेले आणि इकडं साहेब आले. मी हात जोडून पुढं झालो. साहेब आडोसा बघून म्हणाले, "वा! सुंदर काम आहे. कुणी केलं?" मी तोंड उघडायच्या आत फटीतनं हात आला. दुमडलेली भाकरी, खर्डा बाहेर आलेला.

"ए किसन्या! जेवलास व्हय रं?"

साहेब थबकले. "कोण या?"

"कुणी न्हाई, शेजारची," मी म्हणालो. "डोक्यानं गेलेली आहे. लक्ष देऊ नका."

साहेब चांगला माणूस होता. म्हणाला, "अहो, देतायत तर घ्या की." मी घेतली नाही. हसलो आणि साहेबांना आत घेऊन गेलो. जाताना मागं भाकरी पडल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर फटीतनं मिस्त्री दिसले. एका हातात रिपेचा तुकडा होता, दुसऱ्या हातानं ते भाकरी उचलून झाडत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तो तुकडा त्यांनी बसवला नाही, तसाच घेऊन माघारी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संयोगितानं पट्टी माझ्यापुढं टाकली. "देवाची पट्टी कुंपणाला लावलीत. धुवा आणि मग ठेवा." मी राखेनं घासली. हळदकुंकवाचा थर गेला आणि टोकाला बारीक अक्षरं दिसली. वाढीव पट्टी. फुटामागं एक सूत. बत्तीस फुटाला बत्तीस सूत, म्हणजे चार इंच. मिस्त्रींनीच दिलेली, मिस्त्रींच्याच धंद्यातली पट्टी, आणि मला तिची ओळख राहिली नव्हती.

आता पुढचं सांगताना माझी मलाच चीड येते. मी उठलो, सांगायचं ठरवूनच उठलो आणि कुंपणाशी गेलो. मिस्त्री अंगणात हत्यारं पसरून बसले होते. एकेक पटाशीला तेल लावून फडक्यात गुंडाळत होते आणि पेटीत ठेवत होते.

"काय चाललंय, मिस्त्री?"

"पेटी भरतोय," ते म्हणाले. "तानीचं बी असंच सुरू झालतं बघ. आदी लहान लहान गोष्टी. दूध ठेवलं, विसरली. मला वाटायचं माझं डोकं शाबूत हाय, तिला मी सांभाळीन. बत्तीस चार ह्यो आकडा मला आठवतच न्हाई, किसन्या. रातभर आठवतोय. तू म्हनल्यालं एक अक्षर आठवत न्हाई." त्यांचे हात थांबले. "म्हंजे गेलंच न्हवं?"

तोंड उघडायची हीच वेळ होती. एक वाक्य. आईच्यान सांगतो, ते माझ्या जिभेवर होतं. पण आदल्या दिवशी चारचौघांत ओरडलो होतो, साहेबांनी काम द्यायचं कबूल केलं होतं, मेव्हणा अजून घरात होता. आणि मी काय म्हणालो असेन?

"वय झालं आता, मिस्त्री. आराम करा."

ते मान हलवून परत पटाशीला तेल लावायला लागले. त्या महिन्यात शेडला कुलूप लागलं. अंबूबाई येऊन दोघांना आजऱ्याला घेऊन गेली. जाताना मावशी टेम्पोतनं माझ्या बंगल्याकडं बघत होती. मी खिडकीच्या पडद्याआड उभा होतो.

दुसरी भट्टी बसली. आडोसा तसाच राहिला, फट तशीच राहिली. पलीकडं आता फक्त गवत होतं. एकदा मी दुसऱ्या सुताराला फट बुजवायला बोलावलं, तर संयोगितानं त्याला दारातनंच परत पाठवलं. "राहू दे," म्हणाली. "तेवढी तरी राहू दे." पाच वर्षांत ती त्यावर मला एवढंच बोलली.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर माझ्या फौंड्रीत आजऱ्याचा एक मोल्डर, मातीचे साचे भरणारा, कामाला लागला. बोलता बोलता मिस्त्रींचा विषय निघाला.

"ज्ञानू सुतार व्हय? आमच्याच गल्लीत हाईत की," तो म्हणाला. "लई वाईट वाटतं, शेठ. आजा सुतार आन नातवाला पाळणा इकत आणला. कुणी दार दुरुस्तीला आलं तरी हात लावत न्हाईत. म्हनत्यात, माझं डोकं गेलंय, दुसरा बघा. आन डोकं तर चांगलं खणखणीत हाय!"

मी त्याच दिवशी पट्टी पिशवीत घातली आणि आजऱ्याची एसटी धरली. गाडी होती माझ्याकडं. पण गाडीनं जायचं तोंड नव्हतं.

अंबूबाईच्या अंगणात पाच-सहा बायका काजू सोलत बसल्या होत्या. ओसरीवर लोखंडी पाइपाचा पाळणा, निळा रंग उडालेला. त्याच्या शेजारी मिस्त्री, आणि भिंतीला टेकून मावशी. मिस्त्रींनी मला लांबनंच ओळखलं.

"आलास? लई दिसानं."

मी बसलो नाही. बसलो असतो तर परत राहून गेलं असतं. पट्टी काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी मी बत्तीसच सांगितलंतं. तुम्ही काय विसरला न्हवता. मी खोटं बोललो."

त्यांनी पट्टीवरनं अंगठा फिरवला, टोकाच्या अक्षरांवर थांबला.

"ही वाढीव हाय."

"व्हय."

"हिनं मोजलास."

"व्हय."

"आन तुला कवा कळलं, ही वाढीव हाय म्हून?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "दुसऱ्या दिवशी. सकाळी."

"मी पेटी भरत हुतो तवा?"

"व्हय."

बायकांचे हात थांबले होते. मग मिस्त्री एकदम ताठ बसले आणि हाक मारली, "अंबू! ए अंबू, भाईर ये! बायांनो, जरा हिकडं बगा. किसन्या, आता मोठ्यानं सांग."

मी सांगितलं.

"आनि मोठ्यानं. त्या कडंच्या म्हातारीला कमी ऐकू येतंय."

मी ओरडून सांगितलं. ज्ञानू मिस्त्रींचं माप चुकलं न्हवतं, मी खोटं बोललो. रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबली, त्यांनीही ऐकलं. अंबूबाईनं तोंडाला पदर लावला. मिस्त्रींच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि ते पुसत नव्हते.

"रोज सकाळी उठून मी एकुणतीसचा पाडा म्हनायचो," ते म्हणाले. "डोकं हाय का गेलं, बघाय. पाच वरसं. एकदाबी चुकला न्हाई. तरी मला खरं वाटंना. म्हनायचो, किसन्या कशाला खोटं बोलंल?"

मग ते मावशीकडं वळले, तिच्या कानाशी वाकले. "ताने, ऐकलंस काय? माझं माप चुकलं न्हवतं."

मावशीनं त्यांच्याकडं असं बघितलं, जसं काही हा माणूस भलतंच विचारतोय. लेकीला न ओळखणारी, स्वतःचं नाव विसरलेली ती बाई फटकन म्हणाली, "तुमचं माप कवा चुकतंय व्हय?"

मी तिथंच पायरीवर बसलो. बसलेला बघून मावशी भिंत धरून उठली, आत गेली आणि दुमडलेली भाकरी घेऊन आली. हात पुढं करून माझ्यासमोर उभी राहिली. नाव काही घेतलं नाही. ते आता गेलं होतं. मी बघितलं मिस्त्रींकडं.

"घे," ते म्हणाले. "ती हात खाली करायची न्हाई."

मी दोन्ही हातांनी घेतली आणि सगळ्यांच्या देखत खाल्ली. तुकडासुद्धा टाकला नाही. पाणी प्यालो, मिस्त्रींच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, झालं, सुटलो. पट्टी त्यांच्या मांडीवर होती, ती उचलून मी पिशवीत घालायला लागलो.

"पाया पडलास, बरं केलंस," मिस्त्री म्हणाले. "कवाबी ये, जेवून जा. पर पट्टी हितंच ठिव."

मी पिशवीतनं पट्टी काढली, पाळण्याशेजारी ओसरीवर ठेवली आणि स्टँडकडं चालायला लागलो.